घाटाच्या वर जेवायचं, खाली उतरायचं नाही

सन एकोणीसशे एक्याऐंशी. मला एकोणिसावं सरून विसावं लागलं होतं. शाळा सातवीत सोडली, त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. ज्याला माझ्यासाठी वाटत असेल त्यानं पुढचं वाचू नये. हाताला आबांच्या लेथवरचं काम होतं आणि दाराशी आबांची जीप होती. आबा म्हणजे माझे वडील. जीप मला होती ती धुवायला. लायसन काढून झालं होतं, तरी चालवायला मिळायची ती गावाबाहेरच्या सपाट रस्त्यावर, आबा शेजारी बसून, एक हात हँडब्रेकवर ठेवून. घाट यायच्या आधी गाडी थांबवायची, मी उठायचं आणि आबांनी बसायचं. "घाट म्हंजे खेळ न्हवं," एवढंच म्हणायचे. मी मनात रोज घाट उतरत होतो.

आमचं वर्कशॉप कोल्हापूरच्या उद्यमनगरात होतं आणि घर त्याच्याच मागच्या अंगाला. आठवडाभर लेथचा आवाज भिंतीतून यायचा. आई म्हणायची, आवाज बंद पडला की मला जाग येते. सुट्टीच्या दिवशी तो बंदच असायचा, आणि त्याच्या जागी आबांचा आवाज यायचा, "उठा, निघायचं!" कुठं ते ठरलेलं नसायचं. कधी पन्हाळ्याला, तिथं झुणका-भाकर आणि मडक्यातलं दही. कधी राधानगरीच्या धरणाकडं. कधी वाडीला दत्ताच्या दर्शनाला, येताना बासुंदी. आबांना डोंगर, पाणी बघायची हौस होती खरी, पण गाडी थांबायची ती धूर बघून. एखाद्या खानावळीच्या कौलातून धूर निघताना दिसला की ब्रेक. आत शिरायचे ते बाकड्यावर बसायला नव्हे, सरळ चुलीपाशी. पातेल्यावरचं झाकण उघडायचे, वास घ्यायचे, आणि मालकाकडं बघून एकतर "वाढा" म्हणायचे नाहीतर "पावणं, पुन्यांदा कवातरी" म्हणून बाहेर पडायचे. आज माझा नातू फोनवर चांदण्या मोजून हॉटेल ठरवतो. मी त्याला एकदा म्हटलं, झाकण उघडून बघ की मर्दा. तर तो म्हणाला, आजोबा, किचनमध्ये जाऊ देत नाहीत. मग जेवायला तरी कशाला जायचं?

आबांच्या सदऱ्याच्या खिशात चटणीची बाटली असायचीच. हे कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको, पण दुसरा कोणी वाचत असेल तर त्याच्यासाठी लिहितो. आमच्याकडं उन्हाळ्यात वर्षाची कांदा-लसूण चटणी होते. मिरच्या वाळवायच्या, तीळ-खोबरं भाजायचं, कांदा तळायचा आणि सगळं कांडपाच्या डंकावर कुटायला न्यायचं. त्या दिवसांत आमच्या गल्लीत शिंकल्याशिवाय कोणी चालत नव्हतं. आईच्या हातच्या चटणीला आबा बाहेर नावाजायचे, घरात कधी नाही. कुठंही जेवायला बसले की बाटली काढून पानाशेजारी ठेवायचे आणि पहिला घास खायच्या आधीच रश्श्यात चमचाभर ओतायचे. निघायच्या आधी आई दोन बाटल्या भरायची. एक आबांच्या खिशात, दुसरी तिच्या पिशवीत. मला वाटायचं, पहिली संपली तर असावी म्हणून दुसरी.

सगळ्यात जास्त आम्ही गेलो ते गगनबावड्याला. आईचं माहेर कोकणात, घाटाच्या पायथ्याशी. घाटमाथ्यावर आक्काची खानावळ होती, कुडाच्या भिंती आणि चार बाकडी. कोल्हापूरहून कोकणात जाणारी एसटी तिथं चहाला थांबायची. आबा आत तांबडा रस्सा ओरपायचे आणि आई तिचं पान लवकर आवरून बाहेर रस्त्याच्या कठड्यापाशी जाऊन उभी राहायची. धुकं नसलं तर खाली कोकण दिसायचं, हिरवं, मधे मधे कौलांचे तुकडे. त्यातलं एक घर तिचं. आबांचं जेवण झालं की हॉर्न वाजायचा, आई येऊन मागं बसायची आणि जीप कोल्हापूरकडं तोंड वळवायची. कितीतरी वर्षं असंच. वर जेवायचं, खाली उतरायचं नाही.

त्याला कारण ही चटणीच. मामाच्या लग्नानंतर जावयांची पंगत बसली होती. आजीनं स्वतः उभं राहून माशाची आमटी केली होती, नारळ वाटून, कोकम घालून. आबांनी चव न घेताच खिशातली बाटली काढली आणि भर पंगतीत आमटीवर ओतली. त्यांना त्यात वावगं काही वाटलं नव्हतं, ते दूध सोडून सगळ्यावर ओतायचे. पण मामा वाढत होता, त्यानं बघितलं. म्हणाला, "आमच्या आईच्या हाताक चव नसात तर फुडच्या वेळी घरसून जेवान येवा." आबा भरल्या ताटावरून उठले. हात न धुता उठले. जाताना अंगणात म्हणाले, "ह्यो माणूस वर येऊन मला जेवाय बोलवंल, तवाच मी घाट उतरंन." मामा काही वर आला नाही. आणि नवरा जात नाही त्या घरी बायकोनं एकटीनं जायचं नाही, ही त्या वेळची रीत. आईनं ती पाळली.

तर त्या वर्षी गणपती होऊन गेले होते. पाऊस थांबत होता, पुन्हा येत होता. आम्ही आक्काकडं पोचलो तेव्हा धुकं दारातून आत येत होतं. आबांनी झाकण उघडलं, वास घेतला, "वाढा आक्का" म्हणाले आणि बसले. बाटली एका बाजूला, जीपची चावी दुसऱ्या बाजूला. आक्का पान वाढत होती, पण तिचं लक्ष आईकडं होतं. ती उंच, काळी, मोठ्या आवाजाची बाई. त्या दिवशी आवाज लहान करून म्हणाली,

"वैनी, एसटीच्या कंडक्टरनं निरोप दिलाय खालनं. तुमच्या आईचं डोळं चाललं."

आईचा हात भाकरीवर थांबला. "चाललं म्हंजे?"

"लांबचं दिसंना झालंय. जवळ आणलं तर दिसतंय अजून. डॉक्टर म्हनला म्हनं, तेबी जानार. म्हातारी विचारतीया, बाय येनार असली तर आता ये म्हनावं. तोंड बघायचंय एकदा."

खानावळीत आणखी दोघं जण जेवत होते, तेही चावायचे थांबले. आबांनी रश्श्यात चटणी ओतली, चमच्यानं ढवळली. आई त्यांच्याकडं बघत होती.

"अवो, ऐकलंसा न्हवं?"

"ऐकलं."

"मग?"

"मग काय? त्याला पाय हाईत. यावं वर, बोलवावं. मी कवा न्हाय म्हटलंय?"

"आईच्या डोळ्याचं हाय हे. दादाचं न्हवं."

"घर त्याचंच हाय न्हवं?" आबा म्हणाले आणि वाटी तोंडाला लावली.

आई उठली. मोरीत हात धुतले, पदर खोचला, पिशवी घेतली. मला वाटलं, कठड्यापाशी चालली. दारातून मी बघत होतो. ती कठड्यापाशी थांबली नाही. रस्ता जिथं खाली वळतो तिथं वळली आणि धुक्यात तिचं हिरवं लुगडं आधी राखाडी झालं, मग दिसेनासं झालं.

"आबा, आई चालत निघाली."

"पयल्या वळनावनं येतीया माघारी. जेव."

मी जेवलो नाही. आबा जेवत होते, पण मी त्यांच्या कानाकडं बघत होतो. बाहेर पाऊल वाजलं की कान हलायचा. आक्कानं न विचारता रस्सा आणखी वाढला. पहिल्या वळणावरून येणारी बाई एव्हाना आली असती. खालून एक ट्रक चढत आला, दारात थांबला, ड्रायव्हरनं उतरून तोंड धुतलं आणि म्हणाला, "एक बाई घाटानं चालत उतरतीया. धुक्यात दिसंना झालंय, म्या हॉर्न मारला म्हनून कडंला झाली. कुनाची हाय काय वो?"

मी उठलो आणि बाकड्यावरची चावी उचलली.

"ठेव." आबांनी मान वर केली नाही.

"आबा, गाड्या चालल्यात तिकडं."

"तुला घाट येत न्हाय. ठेव म्हटलं न्हवं. गाडीला हात लावलास तर उद्यापास्नं वर्कशॉपची पायरी चढायची न्हाय. हे मी पंगतीत सांगतोय, चार मानसांत."

चार माणसांत सांगितलेला शब्द आबा फिरवत नव्हते, ते मला माहीत होतं. मी हात चावीसकट खिशात घातला आणि बाहेर आलो.

जीप चालू केली, दिवे लावले. दिव्यांनी धुकं आणखी पांढरं झालं, रस्ता दिसेना. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला काही नाही. नुसतं पांढरं. मी पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून, डोकं बाहेर काढून डोंगराच्या बाजूनं उतरत होतो. वळणावर हॉर्न मारायचा, थांबायचं, ऐकायचं. पाण्याचा आवाज चोहीकडून येत होता, त्यात खालून येणारी गाडी ऐकू येईल का ते कळत नव्हतं. आता त्याच घाटात धबधब्याखाली पोरं फोटो काढतात, कठडे बांधलेत, पिवळे आरसे लावलेत. मी तिथून जाताना आजही गाणं बंद करतो. गाडीत बसलेले पाहुणे विचारतात, काय झालं काका? मी पुढचं वळण घेतो.

आई सापडली ती रस्त्याखालून पाणी जाणाऱ्या एका मोरीजवळ. चप्पल हातात, पाय भिजलेले. मी गाडी तिच्याजवळ नेली.

"बस आई."

"गाडी कुनाची?"

"आपली."

"तुझ्या आबांची हाय. त्यांस्नी इच्यारलंस?"

मी तिची पिशवी घ्यायला हात पुढं केला.

"मग म्या चालत जातो. तू जा माघारी. माझ्यापायी तुझं नको व्हायला." आणि ती चालू लागली.

माघारी कुठं वळवणार? रस्ता अरुंद, धुकं दाट. आणि वळवता आली असती तरी वळवली नसती. मी तिच्या मागून जीप चालवू लागलो, तिच्या पाठीवर दिवे टाकून, म्हणजे समोरून येणाऱ्याला ती दिसेल आणि मागून येणाऱ्याला आधी गाडी. ती पुढं, मी मागं. ती बोलेना, मी बोलेना. आमच्या घरात तिघंही एकाच मातीचे होतो, हे मला त्या उतारावर कळलं. क्लचचा जळका वास यायला लागला होता.

मग मागून गुळाचा ट्रक आला. त्यानं माझ्या मागं गाडी थांबवली, केबिनचं दार वाजलं, आणि आबा धुक्यातून चालत आले. डोक्याला नेहमीचं मुंडासं नव्हतं. हाताला रस्सा तसाच लागलेला होता, वाळलेला. मी सीटवरून उठायला लागलो, त्यांच्यासाठी जागा करायला. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. पुढून वळसा घालून डाव्या बाजूला येऊन बसले आणि हात हँडब्रेकवर ठेवला.

"दुसऱ्यात टाक," म्हणाले. "क्लच जाळलास निम्मा."

मग बाहेर तोंड काढून, "बस गं."

आई थांबली. "कुठं जायला?"

"जिथं निघालीस तिथं."

आई मागं बसली. आबा म्हणाले, "सांगून ठेवतोय. मी त्या अंगनात पाय ठेवनार न्हाय." आई म्हणाली, "नका ठेवू." बाकीचा घाट मी उतरवला. आबा मधे मधे एवढंच बोलत, "हॉर्न मार," "डोंगराकडनं," "आता सोड." खाली आलो तेव्हा धुकं वर राहिलं होतं आणि ऊन पडलेलं होतं, जसं काही झालंच नाही.

मामाच्या दारात जीप थांबवली. आजी अंगणात खाटेवर बसली होती. आवाजाकडं तोंड करून म्हणाली, "कोण ता?" आई नुसती तिच्यासमोर जाऊन बसली. आजीनं दोन्ही हातांनी तिचं तोंड धरलं आणि आपल्या डोळ्यांच्या इतकं जवळ नेलं की नाकाला नाक लागलं. तेवढ्यावरनंच तिला दिसत होतं. पुष्कळ वेळ बघितलं. डावा गाल, उजवा गाल, कपाळ. मग म्हणाली, "केस पिकले गो तुझे, बाय," आणि सोडलंच नाही.

मामा पडवीत येऊन उभा राहिला, हाताची घडी घालून. आबा जीपमध्ये, समोर बघत. दोघांच्या मधे ते अंगण. मी स्टिअरिंगवरचा हात काढला नव्हता, कारण कुणीही एक वाकडा शब्द बोललं असतं तर गाडी परत फिरवावी लागली असती, आणि आई पुन्हा कधी उतरली नसती.

आजी उठली. आईचा दंड धरून आत गेली आणि बाहेर आली ती ताट घेऊन. आई वाट दाखवत होती, आजी जीपच्या पायरीशी येऊन उभी राहिली.

"जावयबापू, घरात येवचा नसात तर येव नका. पण दारातसून उपाशी जाव नका. धरा."

आबांनी ताट घेतलं. दुसरं काय करणार? भात होता, माशाची आमटी होती. मी बघितलं, आबांचा हात सवयीनं खिशाकडं गेला, खिसा चाचपला आणि तिथंच राहिला. बाटली वर आक्काच्या बाकड्यावर राहिली होती. जन्मात पहिल्यांदा ते चटणी विसरून कुठंतरी निघाले होते. आईनंही ते बघितलं, आणि मान खाली घातली.

"ताटात बघा," आजी म्हणाली, "उजव्या अंगाक."

ताटाच्या कडेला लाल चटणी होती. आबांनी बोट लावलं, चाखली, आणि आईकडं बघितलं.

"ही आमच्याकडची हाय."

"माझ्या चेडवान धाडलेली," आजी आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली. "येश्टीतसून येता. मी रोज पेजेबरोबर खातंय. तोंड दिसना नाय तर हाताची चव तरी गावता." आणि मग जरा हसून, "त्या दिवशी तुमी घातलास ना माझ्या आमटयेत, तीसुदा तिच्याच हाताची. माका राग इलोच नाय. राग इलो तो हेका," आणि पडवीकडं बोट दाखवलं. बोट मामाच्या बरंच बाजूला गेलं.

दुसरी बाटली कुठं जात होती ते मला तेव्हा कळलं. आबांनाही तेव्हाच. आबांनी आमटी-भात कालवला. चटणी त्यात घातली नाही. ती तशीच कडेला ठेवून सगळं जेवले. ताट स्वच्छ केलं. मग उष्टा हात घेऊन बसून राहिले, कारण हात धुवायचा तर अंगणात उतरायला पाहिजे. मामा पडवीतून उतरला. पाण्याचा तांब्या घेऊन जीपपर्यंत आला. आबांनी हात बाहेर काढला, मामानं वरून पाणी ओतलं. आबांच्या हातावरचा रस्सा आणि आमटी दोन्ही त्या अंगणात वाहून गेलं. दोघं एकमेकांना एक शब्द बोलले नाहीत. मामा तांब्या घेऊन गेला. मी स्टिअरिंगवरचा हात काढला.

"किती दिस ऱ्हातीस?" आबांनी आईला विचारलं.

"तिला दिसतंय तवर."

"ऱ्हा." आणि मला, "चल."

वर चढतानाही गाडी मीच चालवली. आक्कानं बाटली हातात दिली, ती खिशात घातली. तिनं विचारलं, "वैनी?" आबा म्हणाले, "माहेरी." कोल्हापूर आलं, घर आलं. वर्कशॉपचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. त्यांनी 'ये' म्हटलं असतं तर मी गेलो असतो. मी 'येऊ का' विचारलं असतं तर ते नाही म्हणाले नसते. पण शब्द चार माणसांत गेला होता. त्यांनी तो फिरवावा असं मला वाटत नव्हतं, आणि मी मागावा असं तर अजिबात नाही. लोक मला आजही म्हणतात, एवढा ताठा कशाला? आबांनंतर वर्कशॉप चुलतभावाकडं गेलं, मी तक्रार केली नाही. मी ताठ राहिलो म्हणून मला हा डोंगरातला रस्ता मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेथ सुरू झाल्याचा आवाज भिंतीतून आला तेव्हा मी चुलीपुढं होतो. दोन भाकरी भाजल्या, दोन्ही करपल्या. एक आबांसाठी झाकून ठेवली, चटणीसकट. एक मी खाल्ली. मग सदरा घातला, वर्कशॉपच्या दारावरून, आत न बघता, सरळ चालत स्टँडजवळ गेलो, जिथं कोकणात वडाप करणाऱ्या, म्हणजे माणसं भरून भाड्यानं नेणाऱ्या, जीपा उभ्या असतात. तिथं एक मालक टायरला लाथा मारून हवा बघत होता. मी म्हटलं, ड्रायव्हर पाहिजे का? त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"लायसन हाय?"

"हाय."

"घाट उतरलाईस काय कवा?"

"व्हय," मी म्हटलं. "काल."